बिल्ला नंबर दोनशे चौदा

ऑर्बिन हॅगर हा मोझेल स्टिल्टनरला लहानपणापासून ओळखायचा, असं लोक म्हणतात. त्याला स्वतःला तसं वाटत नाही. तिचं घर त्याच्या घरापासून तिसरं. ती पुढच्या पडवीत घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेली असायची. त्याने हात वर केला की ती मान खाली घालून शेंगांकडे बघायची. एवढीच काय ती ओळख.

गावाचा तिच्यावर राग होता, आणि तिचा गावावर त्याहून जास्त. एकोणीसशे एकतीसच्या खाणीच्या संपात तिचा बाप एनोस युनियनला न जुमानता खाणीत उतरला. त्याच हिवाळ्यात खाणीचं छत कोसळून मेला. लिक फोर्क गावची रीत अशी, की मयताचा खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा, घरच्यांनी फावड्याला हातसुद्धा लावायचा नाही. एनोससाठी कुणीच आलं नाही. अकरा वर्षांची मोझेल आणि तिची आई, दोघींनी ती गोठलेली जमीन फोडली. पुढे चर्चमध्ये प्रार्थना संपून लोक एकमेकांचे हात हातात घेऊ लागले, की मोझेल उठून चालू लागायची.

पंच्याऐंशी साली चर्चच्या हॉलमध्ये गावातले जुने फोटो लावायचं ठरलं. ऑर्बिनचं अक्षर बरं, म्हणून फोटोंखालच्या नावांच्या पट्ट्या त्याच्याकडे आल्या. शनिवारी सगळं गाव जमणार होतं. गुरुवारी दुपारी मोझेल आली ती थेट खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एकवीस माणसांच्या फोटोसमोर. त्यातला एक चेहरा खिळ्याने खरवडलेला होता. फोटो ऑर्बिनच्या घरातला.

"माझ्या बापाचं नाव कुठाय?"

"चेहराच नाही, तर नाव कुणाचं लिहायचं?" भिंतीशी बसलेला एस्टिल म्हणाला. युनियनचा जुना माणूस, पंचाहत्तरीच्या पुढचा.

"तुझा चेहरा शाबूत आहे ना, एस्टिल? मग त्याने गावाचं काय भलं झालं रे?"

"संपफोड्याचीच पोर. जीभ बघा."

मोझेलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ऑर्बिन, भिंग घे. त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर बघ."

ऑर्बिनने भिंग धरलं. प्रत्येकाच्या कमरेला कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला होता; या माणसाच्या बिल्ल्यावर दोनशे चौदा. मोझेलने कोटाच्या खिशातून एक बिल्ला काढून टेबलावर आपटला. दोनशे चौदा.

"मढ्याबरोबर हा घरी आला होता."

"ऑर्बिन, विचार कर," एस्टिल म्हणाला. "तुझ्या बापाला काय वाटलं असतं?"

"त्याच्या बापानेच खिळा फिरवलाय. विचार त्याला," मोझेल म्हणाली.

ऑर्बिनला ते माहीत होतं. उभ्या जन्मात तो ते कुणाला बोलला नव्हता. त्याने पट्टीवर 'एनोस स्टिल्टनर' असं लिहिलं.

"शनिवारी ही पट्टी इथं दिसली, तर मी पाऊल टाकणार नाही," एस्टिल टोपी घालत म्हणाला.

"बरं होईल. एक खुर्ची कमी मांडावी लागेल."

तो दार आपटून गेला. मोझेलने पट्टी वाचली.

"अर्धंच लिहिलंस. संपात कामावर गेला, तेही लिही. माझ्या भावाला घटसर्प झाला होता, आणि कामावर नसलेल्याच्या पोराला कंपनीचा डॉक्टर हात लावत नव्हता, तेही लिही. मला खोटं नकोय."

"पट्टी लहान आहे, मोझेल."

"मग मोठी काप."

त्याने मोठी कापली. सगळं लिहिलं. तिने दोनदा वाचलं, बिल्ला उचलून खिशात टाकला. आभार वगैरे काही नाही.

शनिवारी पट्टी तिथेच होती. एस्टिल आला नाही. मोझेलही आली नाही. ऑक्टोबरात ती वारली. ऑर्बिन फावडं घेऊन निघाला, तेव्हा आपण एकटेच असू असं त्याला वाटलं होतं. आणखी तिघे आले. चौघांनी मिळून तिचा खड्डा खणला.

तिच्याशी बोलणं झालं ते त्या गुरुवारीच शेवटचं.

"कॉफी घेतेस?" त्याने विचारलं होतं.

"इथली? करपलेली असते." दाराशी ती थांबली. "दार नीट लावून घे. वाऱ्याने पट्ट्या उडतील."

"लावतो," ऑर्बिन म्हणाला.