गॅदरिंगमधले आदिमानव

पाचवीतल्या माझ्या लेकीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये आदिमानव व्हायला मिळालं, तेव्हा तिचा आनंद घरात मावेना. इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं होतं, की आपल्या गंगापूरच्या नदीकाठीही आदिमानव राहायचे, दगडाची हत्यारं करायचे. झालं! रविवारी हट्टाने मला तिकडे नेलं आणि पिशवीभर गोटे घरी आले. गॅलरीत दिवसभर ठकठक. "आई, विस्तव मला सापडतो," ती सांगायची. "आधी सगळे घाबरून पळतात. मी एकटीच जवळ जाते. मग आम्ही शिकार भाजतो आणि सगळ्यांना सारखी वाटतो. म्हाताऱ्यांना आधी." हे तिने शेजारणीलाही ऐकवलं.

माझा राग कायम नाकावर. एका संध्याकाळी ऑफिसातून सुटून, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत तिला न्यायला पोचले, तर तालीम चालू होती. स्टेजवर आदिमानवांचा घोळका, त्यात माझी काळीसावळी पोर. आणि माइकपाशी सूत्रधार म्हणून एक गोरीपान मुलगी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही काळीच. माझ्या शाळेत नाटकातली राक्षसीण म्हणजे मी, हे ठरलेलंच असायचं. तेव्हा माझी आई गप्प बसली होती. मी बसणार नव्हते.

"मॅडम, काळी पोरं जंगलात आणि गोरी माइकवर, असंच ना?" मी तोंडाचा पट्टा सोडला. "माझी मुलगी काळी म्हणून तिला माकडासारखं नाचवताय?"

तालीम थांबली. मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो ताई, तिनेच हात वर केला होता. सूत्रधार हो म्हटलं, तर नको म्हणाली."

मी पुन्हा स्टेजकडे पाहिलं. त्या घोळक्यात चांगली गोरीगोमटी पोरंही होती. रागात मला ती दिसलीच नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

लेक माझ्याकडे बघतच नव्हती. शेजारच्या मुलीचा हात आणि आपला हात, असं आळीपाळीने बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे तिच्या गावीही नव्हतं, ते मी तिला चारचौघांत शिकवलं होतं. माझीच मला लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमची माफी मागितली. त्यांनी झालेलं मनावर घेतलं नव्हतं. पण लेक हटून बसली, आता तिला सूत्रधारच व्हायचं होतं. तुझ्याशिवाय विस्तव कुणाला सापडणार, म्हणून मी परोपरीने समजावलं.

"कुणालाही सापडेल," ती म्हणाली.

गॅदरिंगच्या दिवशी मी तिला सूत्रधाराची साडी नेसवली, वेणीत गजरा माळला, तोंडाला पावडर लावली. तिने आरशात निरखून पाहिलं.

"आई, अजून लाव ना. गळ्यालापण."

मी लावली.