अखाजीला राक्षसांचा डाव

पत्त्यांत मी पोटची पोर हरलो.

(म्हणजे तिचे माहेरचे आठ दिवस. पण बापाला ते सारखंच!)

आमच्या शिरपूरकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि बाप्ये उघड्यावर पत्ते कुटतात. शाळेत मी दुसरीपर्यंतच टिकलो, पण पत्त्यांत गावात मला तोड नाही! त्या साली धुळ्यातल्या देवपूरचे जावईबापू सणाच्या दुसऱ्याच दिवशी सुमनला न्यायला हजर. मी म्हटलं, "एक डाव होऊ द्या. मी जिंकलो तर पोर आठ दिवस राहील."

"चालेल, आबा. पण पत्ते माझे."

त्यांच्या भावाने ते परदेशातून आणलेले. ना राजा, ना गुलाम! नुसते राक्षस आणि मंत्र. दोघांना वीस-वीस प्राण. ज्याचे संपले, तो हरला. पत्ते वाचायला सुमन मध्ये बसली. तीच पंच.

मी त्यांच्या राक्षसावर आग टाकली. त्यांनी वर ढाल टाकली.

"आधी ढाल लागेल," जावईबापू म्हणाले. "शेवटी टाकलेला मंत्र आधी चालतो."

"वा रे न्याय! गिरणीवर मागून आलेल्याचं दळण आधी दळतात का? जो आधी, त्याचं आधी! शेवटपर्यंत हाच नियम!"

"आबा, विचार करा," सुमन म्हणाली.

"केला!"

राक्षस जळाला. मी मिशीला पीळ दिला.

तासाभराने माझे दोन प्राण उरले, त्यांचा एक. त्यांनी माझ्यावर वीज टाकली, तीन प्राण घेणारी. मी हसलो! कुठलाही मंत्र रद्द करणारा पत्ता मी केव्हाचा राखून ठेवला होता. थाटात आपटला.

सुमनने पत्ता उचलून वाचला.

"सांग ना, वीज रद्द!"

"आबा, वीज आधी टाकली ना... तुम्ही आधीच मेलात."

जावईबापूंना दया आली. "आबा, खरा नियम धरू. मग तुमचा जीव वाचतो."

"मी शब्द फिरवत नसतो!" (हे तोंड पुन्हा माझंच!)

चुलीपासून सुमनची आई ओरडली, "बठ्ठं तुमनामुये व्हयनं!" (सगळं माझ्यामुळेच झालं, म्हणे!)

दुसऱ्या दिवशी एसटीला तोबा गर्दी. जागा नाही मिळाली, तर पोर एक दिवस तरी राहील, एवढीच आशा. तेवढ्यात एक धटिंगण मागून येऊन सुमनच्या पुढे घुसला.

"ए! जो आधी, त्याचं आधी!" मी गरजलो आणि खिडकीतून टोपी टाकून दोघांची जागा धरली.

गाडी सुटली. पोर गेली, आणि टोपीही धुळ्याला गेली!