मागच्या बेरिंगची कॅप

माझी बायको "जरा बोलायचं होतं" असं म्हणाली, की माझ्या पायात चप्पल आपोआप चढायची. कधी वेल्ह्याला जाऊन दाढी करायची आठवण व्हायची, कधी वरच्या आळीतल्या कुणाची तरी म्हैस व्यायलेली असायची आणि माझ्यावाचून तिचं अडलेलं असायचं. "आलोच," म्हणायचं आणि निघायचं. या कलेत माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

बोलायचा विषय ठरलेला असायचा. आमचं घर वेल्ह्याच्या रस्त्याला आहे आणि घराला लागून पत्र्याची एक शेड आहे. शेडमध्ये माझी गाडी उभी असते, माझ्यापेक्षा वयानं मोठी, गोल नाकाची, जाड पत्र्याची. बायकोला त्या जागी खानावळ टाकायची होती. तिच्या बहिणीनं पानशेतला टाकली होती आणि शनिवार-रविवार पुण्याची माणसं तिच्या दारात भाकरीसाठी तिष्ठत उभी राहायची. "किल्ला बघून उतरलेली माणसं आपल्या दारावरनं उपाशी जात्यात," ही म्हणायची, "अन आपण सावलीत काय बसवलंय, तर लोखंड." एवढं बोलून होईपर्यंत मी फाटकाबाहेर असायचो.

मग पाबे घाट चढताना गाडी पोटातून ठोकायला लागली. मागच्या बाजूनं तेलही गळायला लागलं, आणि जिथं उभी करीन तिथं काळं डबकं दिसू लागलं. कापूरहोळच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेटला कान लावून, डोळे मिटून, लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यासारखा गंभीर चेहरा केला.

"मेन बेरिंगा गेल्यात दादा. अन मागचं सीलबी."

इंजिन बाहेर न काढता हे काम करता येतं. शेडमध्ये मी हौसेनं माणूसभर खोल खड्डा बांधून घेतला होता. बायको त्याला माझी समाधी म्हणायची. गाडी खड्ड्यावर उभी केली, खालून तेलाचा चेंबर सोडला, आणि वर दिसला क्रँक, इंजिनचा कणाच म्हणा ना. तो तीन बेरिंगांवर टेकलेला असतो. प्रत्येक बेरिंग म्हणजे दोन अर्ध्या बांगड्या. खालची अर्धी एका लोखंडी कॅपमध्ये बसते आणि कॅप दोन बोल्टांनी आवळायची. वरची अर्धी क्रँक हळूहळू फिरवून बाहेर सरकवायची आणि त्याच वाटेनं नवी आत घालायची. जुन्या बांगड्या हातात घेतल्या तर त्यांची चकाकी जाऊन आतलं तांबूस पोट दिसत होतं.

दोन बेरिंगा झकास बसल्या. तिसरी मागची, तीच तेल गळणारी. तिच्या कॅपमध्ये सील म्हणून एक काळी दोरी खाचेत दाबून बसवायची असते. मिस्त्रीनं ती तेलात भिजवली, ठोकून बसवली, कॅप वर टेकवली, आणि बोल्ट हातात घेऊन म्हणाला, "याचं आटं गेल्यात. नसरापूरला मिळंल. तुमी दोन्ही हातांनी कॅप अशी वर दाबून धरा. सोडू नका. दोरी सुटली तर पुन्हा पहिल्यापासनं."

मी धरली. तो खड्ड्यातून वर गेला. बाहेर त्यानं बायकोला हाक मारली, "वैनी, जरा इकडं या," आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. चहा मागत असेल, असं मला वाटलं. मग त्याची मोटारसायकल निघून गेली.

आता माझं चित्र डोळ्यांपुढं आणा. दोन्ही हात वर, जणू कुणी बंदूक रोखलीये. कोपर हलवायला जागा नाही. तेलाची एक धार मनगटावरून निघाली ती सावकाश काखेकडं चाललेली. नाकाच्या शेंड्याला खाज. डोक्यावर माझीच लाडकी गाडी झाकणासारखी. उजेड यायचा तो फक्त पायऱ्यांच्या बाजूनं, आणि थोड्या वेळानं तोही गेला, कारण पायरीवर कुणीतरी येऊन बसलं.

"जरा बोलायचं होतं," बायको म्हणाली.

माझ्या पायांनी सवयीनं चप्पल शोधली. पण हात वर अडकलेले.

"अगं, मिस्त्री येऊ दे."

"येईल की. चहा पिऊन आरामात येईल." ती ऐसपैस बसली. "लग्न झाल्यापासनं पयल्यांदा तुमी एका जाग्यावर गावलात. मला घाई न्हाई."

"माझं नाक खाजव आधी."

तिनं पदराच्या टोकानं खाजवलं, अगदी मायेनं. मग बोलायला लागली. आणि ती बोलली ते मी खरंच कधी ऐकलं नव्हतं. चूल कुठं, बसायला पाट कुठं, हात धुवायला पाणी कुठनं, सगळं तिच्या डोक्यात मांडून तयार होतं. बहिणीकडं ती महिनाभर हाताखाली राबून आली होती. मला वाटलं होतं माहेरपण चाललंय.

"मला उभ्या हयातीत एक गोष्ट माझी अशी करायची हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जमलं तर जमलं. पण तुमी आलोच म्हणून जाता, अन मी रस्त्याकडं बघत बसते."

मी म्हणालो, "गाडी पावसात सडेल."

"बाहेर चार पत्रं टाकू. फणसाखाली."

"विचार करतो."

"करा. मी हाय बसलेली."

खांदे भरून आले होते. बोटांना मुंग्या. तरी खरं सांगतो, हातांमुळं मी हो म्हणालो नाही. ती सांगत होती ती चूल मला दिसायला लागली होती, आणि वासही यायला लागला होता.

"बरं," मी म्हणालो. "शेड तुझी."

"पुन्हा म्हणा."

"शेड तुझी. गाडी फणसाखाली."

ती पदराची गाठ सोडत म्हणाली, "मग हे घ्या." गाठीतून निघाला एक बोल्ट, चांगला, तेल लावलेला.

"हे काय?"

"मिस्त्रीनं जाताना दिला. म्हणला, दुसरा बोल्ट खिशातच ऱ्हायला व्हता, दादांना सांगा, हा एका हातानं आवळला तरी कॅप ऱ्हाती, हात मोकळं करा."

मी बोल्ट फिरवला. कॅप राहिली. हात खाली घेतले तर ते माझे आहेत असं वाटेना. तिच्याकडं पाहिलं, ती गंभीर होती, आणि मग दोघंही हसत सुटलो. माझ्या तोडीचं कुणीतरी घरातच राहत होतं आणि मला पत्ता नव्हता.

गाडी आता फणसाखाली असते. ठोकत नाही, गळत नाही. पुण्याची माणसं भाकरी येईपर्यंत तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. खड्डा थंड असतो म्हणून बायकोनं वर फळ्या टाकून त्यात कांदे-बटाटे ठेवलेत, आणि आणायला अर्थात मला पाठवते. मी टोपली भरत असतो, तेवढ्यात उजेड जातो. वर बघतो तर ती पायरीवर बसलेली.

"जरा बोलायचं होतं," म्हणते.