उम्म लुत्फीची दोन घड्याळं

वहीबाला आमच्या गावात वहीबा कुणी म्हणत नाही. थोरल्या लेकाच्या नावावरून ती उम्म लुत्फी, म्हणजे लुत्फीची आई, आणि माझी मानलेली मावशी, खाला. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधणारी अख्ख्या गावात ती एकटीच. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्यावर त्यांची, म्हणजे आमच्या जमिनीवर कुंपण घालणाऱ्या राजवटीची. ऑक्टोबरात आम्ही घड्याळं तासभर मागे घेतो, ते आठवडाभर उशिरा घेतात. आणि कुंपणातलं फाटक चालतं त्यांच्या घड्याळावर: सकाळी, दुपारी बाराला आणि चारला, पाव-पाव तास. हुकलं की हुकलं. मोबाईलचा काही भरवसा नाही, तो कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या.

कुंपण उभं राहिलं तेव्हा खालाचं माहेर पलीकडे राहिलं. हज केलेली नव्वदीची आई, हज्जा बद्रिया, तिथंच. पलीकडच्या ऑलिव्हच्या झाडांमुळे खालाकडे फाटकाचा परवाना होता, म्हणून ती रोज दुपारी भट्टीतली गरम रोटी घेऊन जायची. म्हातारीला दुसऱ्या कुणाच्या हातची गोड लागायची नाही.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ऑक्टोबरातल्या त्याच एका आठवड्यात, सोमवारी, खालाचं उजवं घड्याळ बंद पडलं.

"काय खाला, त्यांची वेळ भरली वाटतं?"

"तुझ्या तोंडात साखर पडो, शुक्री! पण तोवर सेल टाक बाबा, उद्या फाटक गाठायचंय."

हसत-हसत मी सेल टाकला आणि सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाशी काटे जुळवून दिले. भिंतीवरच्या. आपल्या! कुठं शेण खायला गेली होती माझी अक्कल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून तिच्या भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, सारखं तुझंच नाव घेतेय, दुपारी नक्की ये. खालानं तशा धांदलीतही रोट्या भाजल्या आणि निघताना फक्त उजवा हात पाहिला. फाटकाशी पोचली तेव्हा त्या हातावर पावणेबारा झाले होते. फाटकाला कुलूप. जीपमधल्या सैनिकानं आपलं मनगट पुढं केलं. पावणेएक. चारला ये, म्हणाला.

"माझी आई जातेय रे पोरा! मला पलीकडे नको सोडूस, पण ही रोटी तरी पोचव!"

त्यानं काच वर घेतली. खाला तिथंच धुळीत बसून राहिली. चारला फाटक उघडलं, ती धावत माहेरी पोचली, आणि आई तासाभरापूर्वीच गेली होती. भाऊ म्हणाला, शेवटपर्यंत विचारत होती, आज वहीबाला उशीर का झाला?

हे ऐकलं आणि मी वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाळीस दिवस मी तिच्या दारावरून गेलो नाही. दुखवट्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर तीच दुकानात आली.

"खाला, चूक माझी होती."

"ठाऊक आहे. फाटकाशी दोन्ही हात शेजारी धरले तेव्हाच कळलं."

"मग शिव्या तरी घाल ना मला!"

"तुला शिव्या घालू, तर त्या फाटकाला काय घालू?"

मला रडू आवरेना. तिनं उजवं घड्याळ सोडवलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"परत बांधून देतो, खाला. आत्ता."

"नको रे. झाडं काय, कधीही गेलं तरी चालतं त्यांना. पलीकडे आता माझी वाट बघणारं कुणी नाही."