पाहुण्यांचा कर आणि दोन नारळ

ज्या जागी माझा जन्म झाला, त्या जागी आता भाड्याने खोली मिळते, हे भाच्याने मला मोबाईलवर दाखवले आणि मी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. आई गेल्यावर, अठरा वर्षांपूर्वी, तेथील घर मी शेजारच्या सखाराममामांना विकले. मामाही आता नाहीत. त्यांची सून सुनंदा तेथे चार खोल्या बांधून पाहुणे ठेवते. घर विकल्यापासून मी गावी पाऊल ठेवले नव्हते. दोन रात्रींसाठी खोली सांगितली.

पुण्याहून भोरमार्गे वरंध घाटातून महाडला जावे. पावसाळ्यात हा घाट बंद असतो, म्हणून चौकशी करूनच निघावे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही. आधार कार्ड मात्र जवळ हवे. घाटमाथ्यावर गरम कांदाभजी मिळतात, ती सोडू नयेत. महाडला गाडी बदलण्यास तासभर होता. चवदार तळ्याला एक फेरी मारली. पोलादपूरहून सहा आसनी रिक्षा वाडीच्या पायथ्याशी सोडते. पुढची चढण पायी. पूर्वी मी ती धावत चढत असे. आता चार ठिकाणी बसलो.

सुनंदाने पाणी दिले आणि नोंदवही पुढे केली. 'कोठून आलात' या रकान्यात मी 'पुणे' असे लिहिले. ते अचूक होते, आणि तरीही लेखणी थोडी अडखळली.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकटीची चटणी होती. दोन वेळच्या जेवणासह खोलीचे दिवसाला बाराशे रुपये, रास्त आहेत. आमची चूल जेथे होती, नेमकी तेथेच माझी खाट आली होती.

"नाना, उद्या ग्रामसभा हाय," सुनंदा वाढता वाढता म्हणाली. "मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यावर माणशी तीस रुपये कर लावायचा म्हणतात. पाहुणं तुटलं तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही देवळाच्या सभामंडपात जाऊन मागे बसलो. सरपंचबाईंनी विषय मांडला: पाहुण्यांच्या बाटल्या झऱ्यात सापडतात आणि झरा साफ करण्यास पंचायतीपाशी पैसे नाहीत.

"तीस रुपयांनी कोण पळतोय? भजीला शंभर घालवतात," माझा शाळासोबती धोंडू म्हणाला.

"तुझं काय जातंय बोलाया? तुझ्याकडं म्हशी मुक्कामाला," सुनंदाने सुनावले. सभा हसली.

"पण मुंबयवाले आपलेच लोक सुट्टीला येऊन खोलीत उतरतात. त्यांना पण कर?" कोणीतरी विचारले.

येथे सभा अडली. गावचा कोण, हे ठरवायचे कसे? कोणी शिधापत्रिका सुचवली, कोणी मतदारयादी. दोन्ही ठिकाणी माझे नाव पुण्याचे.

धोंडू उठला. "कागद कशाला पायजे? शिमग्याला पालखी ज्याच्या दारात थांबते, तो गावचा. त्याला कर नाय." हे सर्वांना पटले. मग त्याने मागे वळून पाहिले. "आणि ह्या नान्याचं काय? ह्यानं तर दारच इकलंय!"

लोक हसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी पाहुणाच आहे. कर लागू झाल्यास भरीन." विधान निर्दोष होते. तरीही मी उभाच राहिलो.

"बसा नाना," सुनंदा म्हणाली. "पालखी आमच्या दारात येते, तेव्हा दोन नारळ फुटतात. एक आमचा, एक तुमच्या घराचा. मामंजींनी घातलेली रीत हाय. म्हणायचे, जागा घेतली म्हणून देवीकडचं त्यांचं नाव कसं काढून घेऊ? तुमचा जुना उंबरा पायरीला ठेवलाय. त्याच्यावरच फोडते मी."

काल ती पायरी मी चढलो होतो, जोड्यांसकट.

सभेने कर मंजूर केला. पैसा फक्त झऱ्यासाठी वापरायचा, ही सुनंदाची अट मान्य झाली आणि मग तिनेही हात वर केला. सवलत कोणाला, हे धोंडूच्या शब्दांतच लिहून घेतले. मी सरपंचबाईंना म्हणालो, "अठरा वर्षांत मी एकदाही आलो नाही. मला सवलत घेणे शोभत नाही."

"आरं, फुकट कोण देतंय तुला?" धोंडू मध्येच म्हणाला. "शिमग्याला ये. तुझा नारळ तू फोड. बाईमाणसानं किती वर्सं तुझी कामं करायची?"

तिसऱ्या दिवशी निघताना मी जोडे पायरीच्या खाली, अंगणात उतरून घातले. सुनंदाने वालाची पुरचुंडी दिली आणि पैसे मोजून घेतले. तेही योग्यच झाले.

पुण्यात येऊन आठवडा झाला. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर ते तीस रुपये कुरकुर न करता द्यावेत. त्या झऱ्याचे पाणी मी प्यालो आहे. वाल आम्ही परवा संपवले. गुडघे अजून दुखतात, आणि ती चढण पुन्हा चढू नये, असे घरच्यांचे मत आहे. ते मी ऐकून घेतले. भोरमार्गे जाणाऱ्या गाडीत हवी ती जागा एरवीही मिळते. होळीच्या आदल्या दिवसाचे आरक्षण मी तरीही करून ठेवले आहे.