न दिसलेला हात

वित्तप्रमुखांच्या लेखी भागधारकांची वार्षिक सभा म्हणजे वर्षभराच्या तपश्चर्येचा परीक्षादिन. त्या दिवशी सकाळपासून ते आरशासमोर उभे राहून उत्तरांची उजळणी करीत होते. "आरसा सगळ्यालाच मान डोलावतो, भागधारकांचं काय?" पत्नीने त्यांची कॉलर नीट करता करता टोमणा मारला. एरवी ते हसले असते.

यंदाचा नफा दिसायला भरघोस होता, परंतु तो धंद्याचा नव्हता. जुन्या गोदामाची जमीन विकून आलेला होता. ताळेबंदात असत्य असे काहीच नव्हते, टिपांच्या बारीक अक्षरांत सारे यथास्थित नमूद होते. मात्र अध्यक्षांच्या भाषणात त्याच नफ्याला 'आपल्या परिश्रमांचे फळ' असे गोंडस नाव मिळाले होते, आणि ते भाषण वित्तप्रमुखांनीच लिहून दिले होते. त्यांच्या मुदतवाढीचा निर्णय अध्यक्षांच्या हाती होता. सभेत कोणी सरळ विचारले असते, तर सरळच उत्तर द्यावे लागले असते.

कोणाला बोलू द्यावे, हे ठरवण्याची तेथे एक मूक रीत होती. मंचावर बसलेले वित्तप्रमुख ज्या दिशेला पेन किंचित उचलीत, त्या दिशेला माइक घेतलेली मुलगी जाई. एकाने खुर्च्या टणक असल्याची तक्रार केली. एका बाईंनी अहवालाच्या मुखपृष्ठाची तोंडभरून स्तुती केली. इतक्यात मधल्या रांगेतून एक हात वर झाला.

तो हात ओळखायला चेहरा पाहण्याची गरज नव्हती. तरुणपणी ज्यांच्या हाताखाली वित्तप्रमुखांनी हिशेबाचे पहिले धडे गिरवले, ते त्यांचे जुने साहेब तेथे बसले होते. सारी कचेरी त्यांना 'हेडमास्तर' म्हणे. निवृत्त होताना घेतलेले कंपनीचे थोडेसे भाग त्यांनी अजून जपले होते. वार्धक्याने हात थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी कोपराला आधार दिला होता. वित्तप्रमुखांची दृष्टी त्या हातावरून घसरली आणि पेन भलतीकडेच उचलले गेले. पुन्हा तेच झाले, आणि पुन्हा तेच. अखेर आभार मानले गेले, टाळ्या झाल्या, तेव्हा कुठे तो हात खाली गेला.

हेडमास्तर दाराशीच भेटले. टाळायला वाव नव्हता. परंतु त्यांच्या मुद्रेवर रोषाचा लवलेशही नव्हता.

"दिवे डोळ्यांवर येत असतील तुझ्या. मी मधल्या रांगेत, दिसणार कसा?"

"हो सर. उजेड फार होता," वित्तप्रमुख म्हणून गेले आणि आपल्याच शब्दांनी ओशाळले.

"जमिनीचं विचारणार होतो. म्हटलं, स्वतःहून सांगायला तुला अवघड जात असेल. कोणी विचारलं की सांगता येतं."

एवढे बोलून ते भले गृहस्थ वीजवाल्याच्या शोधात पुन्हा आत गेले. पुढच्या वर्षी तरी दिव्यांची तोंडे फिरवावीत, असा त्यांचा आग्रह. वित्तप्रमुख उंबरठ्यावरच खिळून राहिले. तारा गुंडाळीत बसलेल्या वीजवाल्याने तक्रार ऐकली, मंचावर चढून तो वित्तप्रमुखांच्याच खुर्चीत ऐसपैस बसला, आणि समोर न्याहाळून म्हणाला, "आजोबा, इथून तर तुमच्या कोटाची बटणंसुद्धा दिसतात की."

हेडमास्तरांनी आपल्या कोटाच्या बटणांकडे पाहिले. मग म्हाताऱ्याच्या मनात काहीबाही येतं, असे काहीसे पुटपुटत जवळच्या खुर्चीत टेकले. दाराकडे त्यांनी वळून पाहिले नाही.

ते न पाहणेच वित्तप्रमुखांना सोसवेना. रित्या रांगांमधून चालत ते गेले आणि शेजारी बसले. 

"आता विचारू का?" हेडमास्तरांनी सावकाश विचारले.

"नफा जमिनीचा आहे, सर. धंद्याचा नाही. भाषणही मीच लिहिलं."

"ते मला ठाऊक होतं रे," हेडमास्तर म्हणाले. "सभेला नव्हतं."

बाहेरून अध्यक्षांचा निरोप आला, छायाचित्रासाठी सारे खोळंबले आहेत. निरोप सांगणारा पुन्हा एकदा सांगून गेला. वित्तप्रमुखांना मान वर करवेना.