विजूची दाढी आणि माझे चार पेले

माझ्या मुलाला दाढी करायला पाऊण तास लागतो.

विजू माझा एकुलता एक. इथं मिशिगनमध्ये, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर आहे. सकाळी बाथरूममध्ये शिरला की आधी ब्रश कोमट पाण्यात भिजत घालणार, मग लाकडी वाटीतला चंदनाचा साबण फेटत बसणार. मी श्रीखंडाचा चक्का एवढा कधी फेटला नसेल! मग तो जुन्या पद्धतीचा जड रेझर, मग गार पाणी, मग तुरटीची वडी. सूनबाई स्मिता म्हणते, "आई, तो दाढी नाही करत, पूजा करतो." (देवघरातली पूजा मात्र मलाच करावी लागते.)

माणसाला छंद असावा, माझं काही म्हणणं नव्हतं. पण दुसरा छंद त्यानं मला बरेच दिवस सांगितलाच नाही. एकदा बेसमेंटमध्ये कपडे धुवायला गेले तर कपाटात बाटल्या दिसल्या. ओळीनं लावलेल्या, मधाच्या रंगाच्या. स्मिताला विचारलं. ती म्हणाली, बोर्बन आहे, मक्याची असते, केंटकीला ती करतात ते कारखाने बघायला विजू जातो, तिथं टूर असते. मक्याची म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. मग एक बाटली उघडून वास घेतला. मक्याचं नुसतं नाव होतं, होती दारूच.

आता विजूच्या वडिलांचं सांगायला पाहिजे. ते प्यायचे. बार्शीला आमची एक खोली होती, मी खानावळीत पोळ्या लाटायची. आदल्या रात्री किती झाली हे मला त्यांना विचारावं लागत नसे. सकाळी दाढी करून बसले की गालाकडे बघायचं. हात थरथरायचा ना. एक चीर म्हणजे थोडीच. तीन चिरा म्हणजे आज कामावर जात नाहीत. शाळा मी दुसरीपर्यंत शिकले, पण हा हिशोब मला पक्का यायचा. तो हिशोब येऊन काही उपयोग झाला नाही. विजू दहावीला असताना ते गेले. दिवस झाले तशी मी परत पोळ्यांना गेले.

तर बाटल्या बघितल्यापासून मी रोज सकाळी चहा देताना विजूची हनुवटी बघायला लागले. त्याला वाटायचं, आईला माया आलीय.

आणि एका शुक्रवारी हनुवटीला चीर दिसली.

"काय झालं रे?"

"काही नाही गं, ब्लेड नवीन होतं."

त्याचे वडीलही ब्लेडलाच नावं ठेवायचे. त्यात तो म्हणाला, उद्या केंटकीला जातोय, एक रात्र राहून येतो. मी म्हटलं, मी पण येणार. त्यानं लांबचा रस्ता सांगितला, माझे गुडघे सांगितले. मी ऐकून घेतलं आणि दशम्या करायला उठले. सोबत शेंगाची चटणी.

कारखाना मोठा होता. आत आंबलेल्या पिठाचा वास, आणि माणसाच्या उंचीला लागतील अशी लाकडी पिंपं. माहिती सांगणारी उंच पोरगी पाठमोरी चालत बोलत होती, कुठं धडकली नाही. पिंपातली थोडी दारू म्हणे लाकडातून उडून जाते, तिला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात, असं विजूनं मला मराठीत सांगितलं. म्हटलं, म्हणजे वर गेलं तरी सुटका नाहीच.

मग चव बघायची खोली आली. लांब टेबल, प्रत्येकापुढं चार छोटे पेले. माझ्यापुढं पाणी. विजू एक पेला उजेडाला धरून, डोळे मिटून वास घ्यायला लागला. हनुवटीची चीर बरोबर माझ्याकडे. तेवढ्यात स्मिताचा फोन आला आणि तो बाहेर गेला.

त्याचे चारही पेले भरलेले. मी बघत राहिले. ओतून द्यावी, तर ते मी बार्शीला करून चुकले होते. मोरीत ओतली की ते दुसरी आणायचे. इथं तर ती पोरगी बाटली हातात घेऊनच उभी! ओतली की परत येते. प्यायली की संपते. माझा विचार एवढाच होता.

जन्मात कधी शिवले नव्हते. परका पेला, म्हणून ओठ न लावता, तांब्यातून पाणी पितात तशी वरून घेतली. पहिली चुलीतला निखारा गिळावा तशी गेली. दुसरी विजूसाठी घेतली, तिसरी स्मितासाठी. चौथी कुणासाठी ते आठवत नाही. बोलणारी पोरगी बोलायची थांबली. समोरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्यानं टाळी वाजवली.

विजू आला तो उभाच राहिला.

"आई, हे काय?"

"संपली. आता तुला नाही."

"अगं, मला गाडी चालवायचीय. मी इथं पीत नाही. तोंडात घेतो, चव बघतो, थुंकतो. ही बादली त्यासाठीच आहे."

बादली मघापासून माझ्या कोपरापाशी होती. कचऱ्याची समजून मी तिच्यात हात पुसलेला कागद टाकला होता.

"मग त्या घरातल्या बाटल्या?"

तो शेजारी बसला. पाहुणे आले की उघडतो, म्हणाला, पण नीट आठवण्यासारखं बोलला ते नंतर. "मला बघायचं होतं आई. ही तोंडात घेऊन परत टाकून देता येते का."

"येते?"

"येते. दर वेळी परत बघतो."

मला त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. म्हणून उठले, तर दाराजवळ शोभेला ठेवलेलं पिंप माझ्या अंगावर आलं. (पिंप जागचं हललं नव्हतं, असं सगळे म्हणतात.) त्याची लोखंडी पट्टी कपाळाला लागली.

विजूनं मला गाडीत बसवलं आणि मागून दाढीची पिशवी काढली. तुरटी ओली करून कपाळावर दाबून धरली. हात अगदी स्थिर होता.

"बाबांना पण मीच लावायचो," तो म्हणाला. "तू पोळ्यांना गेलेली असायचीस."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी गाल बघितले, चिरा मोजल्या. त्यांच्यावर तुरटी धरणारा एवढासा हात कधी बघितलाच नव्हता.

"झोंबतंय का?"

झोंबत होतं. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. दार स्मितानं उघडलं. विजूकडं तिनं बघितलंच नाही, माझ्या कपाळाकडं बघत राहिली. मी सरळ आत गेले. एकच चीर होती. माझ्या हिशोबानं, थोडीच.